तरंगलांबी आणि वारंवारता : एरंडोलच्या आकाशातील लहरी

एरंडोल तालुक्यातील कोणत्याही गावाच्या माथ्यावरून एकाच क्षणी अनेक प्रकारच्या लहरी जात असतात. सूर्याचा प्रकाश, चैत्र-वैशाखातील उन्हाची धग, आकाशवाणीचा कार्यक्रम आणि भ्रमणध्वनीवरील संभाषण ही वरवर भिन्न वाटणारी रूपे मूलतः एकाच कुळातील आहेत. त्यांना विद्युतचुंबकीय लहरी म्हणतात. मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये त्यांचा सिद्धान्त मांडला आणि १८८८ च्या सुमारास हर्ट्झ यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला.

लहरीच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात एखाद्या ठिकाणाहून जितक्या लहरी जातात ती संख्या म्हणजे वारंवारता. तिचे एकक हर्ट्झ. या सर्व लहरी पोकळीतून सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर वेगाने जातात. तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार नेहमी या वेगाइतका असतो. म्हणून एक वाढली की दुसरी घटते.

जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. त्यास मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झ ही वारंवारता मिळाली. आकाशवाणीचे निवेदक मीटर आणि किलोहर्ट्झ असे दोन आकडे सांगत, ते याच नात्यामुळे. ३ लक्षांस ९६३ ने भागले असता तरंगलांबी सुमारे ३११ मीटर येते. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे. याच रीतीने भ्रमणध्वनीच्या ९०० मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर भरते.

वारंवारता वाढवीत गेल्यास रेडिओ लहरींनंतर सूक्ष्मलहरी, मग उष्णता देणारे अवरक्त किरण आणि त्यानंतर दृश्य प्रकाश येतो. तांबड्या रंगाची वारंवारता सुमारे ४३० लक्ष कोटी हर्ट्झ, तर जांभळ्याची सुमारे ७५० लक्ष कोटी. एवढ्याच अरुंद पट्ट्यास आपले डोळे ओळखतात. त्यापलीकडे जंबुपार किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण आहेत.

लहरीच्या प्रत्येक ऊर्जाकणाची शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. क्ष-किरण अणूमधील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात. म्हणून रुग्णालयात शिशाचा आडोसा लागतो. वेल्डिंगच्या ठिणगीतील आणि उन्हातील जंबुपार किरण डोळ्यांस व त्वचेस इजा करतात. रेडिओ लहरींच्या कणांत इलेक्ट्रॉन काढण्याइतकी शक्ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला मुख्य परिणाम उष्णतेचा असतो आणि तो लहरींच्या तीव्रतेवर अवलंबून असतो.

गावात भ्रमणध्वनीचा मनोरा उभारावयाचा म्हटले की ग्रामसभेत शंका निघतात. त्या हसण्यावारी नेऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मर्यादित पुराव्याच्या आधारे रेडिओ लहरींची नोंद 'कदाचित कर्करोगकारक' या गटात केली. सूर्याच्या किरणांना मात्र तिने १९९२ मध्येच निश्चित कर्करोगकारक ठरविले होते. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट झाली. निरभ्र दुपारच्या उन्हात हाच आकडा सुमारे १,००० वॅट असतो, अर्थात ती ऊर्जा निराळ्या वारंवारतेची असते. २०१७ मध्ये विभागाने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू करून मनोऱ्यांची माहिती नागरिकांस खुली केली.

तेव्हा 'किरणोत्सर्ग' हा शब्द कानी पडताच पंचायत सदस्याने तीन प्रश्न विचारावेत : वारंवारता किती, तीव्रता किती आणि मोजणी कोणी केली? उत्तरे मिळाल्यावर ठराव मांडावा. भर उन्हात कपाशी निंदणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर रुमाल आणि वेल्डिंग करणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांवर काळी काच आहे की नाही, हेही त्याच सभेत पाहावे. धोका तेथे अधिक निश्चित आहे आणि उपायही हाताशी आहे.