संगणकाची पदवी आणि पणजोबांचा दाखला

नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संगणक शाखेत आपल्या कारागिरांच्या मुली मात्र आम्हाला क्वचितच दिसतात. अडते ते फीपाशी, आणि फी अडते कागदापाशी.

बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास या वर्गातील मुलींची शिक्षण व परीक्षा फी जुलै २०२४ च्या निर्णयाने शासन भरते, मुलांची निम्मी. मात्र प्रवेश शासनाच्या सामायिक फेरीतूनच हवा. देणगी मोजून व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली की सवलत बुडाली. रोख देऊन घाटा घेणारा व्यापारी आम्ही बाजारात तरी पाहिलेला नाही!

खरी मेख जातीच्या दाखल्यात आहे. पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो, आणि जुन्या शाळेच्या नोंदीत बहुधा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. तेव्हा आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा अशा सर्वांचे शाळेचे दाखले काढावेत, तहसिलात कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. एखाद्याच्या नावापुढे ‘पिंजारी’ सापडतो. मुलगी अकरावीत जाताच हा शोध सुरू करावा. बारावी विज्ञानाच्या वर्षी कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करता येतो.