साठ केबीचा मोर

भाचीच्या लग्नाला आठ दिवस राहिले होते. पैठणीवरच्या ब्लाउजपीसवर, पाठीला मोर काढून द्यायचं मी कबूल करून बसले होते. "मामी, तुझ्या भरतकामाच्या मशीनवर तासाभराचं तर काम," असं म्हणत तिनं रात्री विकत घेतलेलं डिझाइन पाठवलं. झिप फाइल. ती मी तशीच 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली, त्यावर घरचे फोटो, ह्यांची जीएसटीची कागदपत्रं आणि दोन सिनेमेही होते. मशीनला लावला, तर पडद्यावर काहीच नाही.

झिप उघडून आतली फाइल बाहेर काढली, तरी तेच. मग मुलगा म्हणाला, एवढे मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट असतात, आणि घरगुती मशिनांना बहुतेक वेळा जुनं फॅट32 च कळतं. कपाटात 4 जीबीचा एक सापडला, तो फॅट32 करून घेतला. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे मात्र आधी लक्षात ठेवा. माझे मागच्या दिवाळीचे फोटो त्यातच गेले.

आता पेनड्राइव्ह दिसला, पण मोर नाही. फाइल डीएसटी होती. ती मुळात ताजिमाच्या कारखान्यातल्या मशिनांची भाषा. घरगुती मशिनांच्या भाषा वेगळ्या: ब्रदरची पीईएस, जनोमेची जेईएफ. काही मशिनांना डीएसटीही वाचता येते, माझ्या मशीनला नाही. मी शहाणपणा करून फाइलच्या नावातलं शेपूट तेवढं बदललं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! फाइल खरोखर बदलून देणारं सॉफ्टवेअर लागतं. इंकस्केपबरोबर चालणारं इंक/स्टिच फुकट मिळतं, आणि माझ्यासारखीलाही दोन दिवसांत जमतं.

इथवर नुसता वेळ गेला होता. खरं घोडं पेंड खाणार होतं ते पुढे. मोर 140 मिलिमीटर उंच आणि माझी फ्रेम 100 बाय 100. फ्रेमपेक्षा मोठं डिझाइन बरीच मशिनं उघडतच नाहीत. म्हणून मी ते माऊसनं ओढून 98 वर आणलं, फोटो लहान करतात तसं.

पण त्या फाइलमध्ये चित्र नसतंच. सुईनं इथून तिथे किती सरकायचं, याची ती नुसती यादी असते. डीएसटीत एका टाक्याला 3 बाइट लागतात, वर 512 बाइटचा मथळा. माझा मोर 20,000 टाक्यांचा, म्हणून फाइल जेमतेम साठ केबीची. मी उंची-रुंदी सत्तर टक्क्यांवर आणली तेव्हा जागा निम्मी झाली, टाके मात्र तेवढेच राहिले. दोन ओळींमधलं 0.4 मिलिमीटरचं अंतर 0.28 वर आलं. काही सॉफ्टवेअर लहान करताना टाके नव्यानं मोजतात. मी वापरलं त्यानं मोजले नाहीत, आणि मीही तपासलं नाही.

मान सुरेख उमटली. पिसाऱ्यावर आल्यावर मशीनचा आवाज बदलला, टकटक जाऊन धपधप सुरू झालं. तो आवाज ऐकताक्षणी थांबायला हवं होतं. मी चहा गाळत होते. आले तेव्हा खाली दोऱ्याचा गुंता, सुईचे दोन तुकडे आणि रेशमाला हरभऱ्याएवढं भोक.

त्यामुळे आता डिझाइन विकत घेण्याआधीच मी तीन गोष्टी विचारते: फाइल कुठली, माप किती, टाके किती. विक्रेत्याकडे हाच मोर 100 च्या फ्रेमसाठी वेगळा, कमी टाक्यांचा तयार होता, मीच विचारलं नव्हतं. लहान-मोठं करायचंच झालं, तर दहा टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. डीएसटीत रंगही नसतात, नुसते थांबे असतात, त्यामुळे पडद्यावर मोराची मान तांबडी दिसली तरी घाबरू नका, रंगांचा तक्ता शेजारी ठेवा. फाइलला छोटं नाव द्या, रोमन अक्षरांत; फोल्डरात फोल्डर कोंबू नका; पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमधून ओढून न काढता इजेक्ट करा. आणि पहिला मोर चिंधीवरच. चिंधीही ब्लाउजच्याच जातीच्या कापडाची हवी, खाली ब्लाउजला लावायचा तोच नॉन-वोव्हन कागद लावून. कॉटनवर छान बसलेलं डिझाइन रेशमावर आकसू शकतं.

तो ब्लाउज अजून शिवायचा होता, हे नशीब. आमच्या शिंपीमामांनी पाठीचा गळा चार बोटं खाली उतरवला, मोरासकट भोक कापात गेलं. नवा मोर बाहीवर काढला, तोही चौथ्या चिंधीवर नीट बसल्यानंतर. लग्नात मोराकडे कुणी पाहिलं नाही. तिघींनी त्या गळ्याचं माप मात्र मागून घेतलं.