आधी घरचे पक्षी ओळख, मग पाहुणे

अगं, लिमासोलला जाऊन महिना झाला नाही तोच तू विचारतेस, "ताई, सायप्रसमध्ये पक्षी कुठे बघायचे, यादी पाठव." यादी मी पाठवणार नाही. जहाज कंपनीच्या नोकरीनिमित्त तुझे भावजी तिथे होते, तेव्हा मीही तिथे राहिले आहे. यादी हातात घेऊन बेटभर पळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना पक्षी दिसतात, नाही असं नाही. पण पक्षी कुठून आला, का थांबला आणि उद्या कुठे जाणार, हे त्यांच्या हाती लागत नाही. आणि सायप्रसची सगळी गंमत तर त्यातच आहे.

एकदा नकाशा नीट बघ. उत्तरेला तुर्कस्तान जेमतेम सत्तर-पाऊणशे किलोमीटरवर. दक्षिणेला मात्र थेट इजिप्तपर्यंत पाणीच पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या वर. वसंतात आफ्रिकेतून निघालेला वीस ग्रॅमचा जीव रात्रभर समुद्रावरून उडत येतो आणि पहाटे त्याला पहिली जमीन दिसते ती सायप्रसची. पानगळीच्या दिवसांत तोच उलटा जातो आणि समुद्र ओलांडायच्या आधी पोट भरायला इथेच उतरतो. या बेटावर आजवर 400 च्या आसपास जातींची नोंद झाली आहे. त्यातल्या बारमाही राहणाऱ्या जाती थोड्या, बाकी सगळे ये-जा करणारे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की पहिले दोन-तीन महिने पाहुण्यांच्या मागे लागूच नकोस. घरचे ओळख. राखाडी अंगाचा, काळ्या डोक्यापंखांचा कावळा दिसेल. लांब शेपटीचा काळा-पांढरा मॅगपाय दिसेल. खडकाळ उतारावर चकोर दिसेल, हो, तोच आपल्या काव्यात चांदणं पिणारा चकोर. महाराष्ट्रात तो रानात कुठेच नाही, आपण तो फक्त शब्दांत पाहिला. तिथे तो झुडपांतून तुरुतुरु पळतो आणि कर्कश ओरडतो. मार्च-एप्रिलमध्ये शेताच्या कडेने काळा तित्तिर बोलतो, एखाद्या यंत्रासारखा, एकाच ठेक्यात. आवाज शंभरदा ऐकशील तेव्हा पक्षी एकदा दिसेल. रात्री खेड्यात मुक्काम केलास तर छोट्या शिंगळ्या घुबडाची दोन सुरांची हाक येईल. हे घुबड सायप्रसचंच, आता पुष्कळ अभ्यासक त्याला स्वतंत्र जात मानतात. युरोपातल्या त्याच्या भावंडाचा सूर एकच असतो, याचे दोन. हे घरचे कानात बसले, की पाहुणा आला की आपोआप कळतं. तुला कुणी सांगावं लागत नाही.

दुसरं सांगणं, जागा एकच धर. तुझ्यासाठी ती अक्रोतिरी. घरापासून अर्ध्या तासावर आहे, आणि गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, तेव्हा भिऊ नकोस. मधोमध खाऱ्या पाण्याचं मोठं तळं, भोवती वेताचं रान, झाडी, आणि दक्षिणेला टोक. 2003 पासून ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. उन्हाळ्यात तळं सुकून पांढरं पडतं, पहिला चांगला पाऊस झाला की भरू लागतं, आणि साधारण नोव्हेंबरपासून रोहित उतरतात. आपले उजनीचे रोहित आणि हे एकाच जातीचे.

सकाळी लेडीज माइल किनाऱ्याच्या बाजूने जा. ऊन तुझ्या पाठीशी असतं आणि तळं समोर, म्हणून रंग खरे दिसतात. दुपारनंतर अक्रोतिरी गावाच्या बाजूने बघ. तिथे पर्यावरण शिक्षण केंद्र आहे, तिथून सगळं तळं दिसतं. रोहित खूप लांब असतात, तेव्हा दुर्बीण 8 बाय 42 ची असली तरी पुरी पडणार नाही. कुणाकडे तिपाईवरची टेलिस्कोप दिसली तर लाजू नकोस, विचार. पक्षी बघणारी माणसं आनंदाने दाखवतात. एकदा एकच रोहित धरून पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ. तो जागच्या जागी पाय हलवत चिखल ढवळतो, मान खाली घालतो आणि चोच उलटी करून पाण्यात फिरवतो. वरची चोच खाली, खालची वर. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत येतं, गाळून बाहेर जातं आणि आर्टेमिया नावाची चिमुकली कोळंबी आत राहते. त्या कोळंबीतल्या रंगद्रव्यानेच तो गुलाबी होतो. पिल्लं राखाडी असतात, म्हणून थव्यात मळकट रंगाचे दिसले तर दुसरी जात समजू नकोस.

एक मात्र नीट ऐक. अक्रोतिरी 1960 पासून ब्रिटिशांच्या लष्करी तळाच्या हद्दीत आहे. कुंपण, अँटेना, विमानं यांच्याकडे कॅमेरा करायचा नाही, पक्षी अगदी तारेवर बसलेला असला तरी. कुणी हटकलं तर शांतपणे दुर्बीण आणि पुस्तक दाखवायचं. आणि हिवाळ्यात बुधवार-रविवार शिकारीचे वार असतात, चकोर आणि सशांच्या मागे बंदूकवाले फिरतात. त्या दोन दिवशी उघड्या रानात जाऊच नकोस, तळ्याच्या काठीच बस.

लार्नाकाचं तळं तू विमानतळावरून येतानाच पाहिलं असशील. काठावर हाला सुलतान तेक्के ही मशीद, पाण्यात रोहित. त्याच बाजूला ओरोक्लिनीचं छोटं तळं आहे. तिथे लपून बसायला आडोसे आहेत आणि शेकाटे अगदी जवळून दिसतात. आपल्या टिटवीची काळी-पांढरी बहीण, नखी पंखांची टिटवी, तिथे घरटं करते. जवळ गेलीस तर आपल्या टिटवीसारखीच डोक्यावर घिरट्या घालून भांडते. ती भांडायला लागली की मागे हट, घरटं जमिनीवरच असतं.

आता पाहुण्यांकडे येऊ. फेब्रुवारीतच मोठी ठिपकेवाली कोकिळा येते आणि मॅगपायच्या घरट्यात अंडी घालते. मार्चमध्ये सायप्रसचा स्वतःचा व्हीटइअर येतो. तो आपल्या गप्पीदासाच्या गोतातला आहे. जगात तो फक्त याच बेटावर घरटं करतो आणि हिवाळा इथिओपिया-सुदानकडे काढतो. काळा-पांढरा, नर-मादी जवळजवळ सारखे. इतर व्हीटइअर दगडावर बसतात, हा पाइनच्या शेंड्यावर, तारेवर चढून गातो, आणि ते गाणं म्हणजे रातकिड्याची किरकिर वाटते. झाडात किडा ओरडतोय म्हणून तू पुढे जाशील. थांब, मान वर कर.

सायप्रसचा वटवट्याही तसाच, घरटी फक्त इथेच. काळं डोकं, पांढरी मिशी आणि छाती-पोटावर काळे-पांढरे खवले. काटेरी झुडपात शिरतो आणि तिथूनच तडतडतो. या जातीतले काही वर्षभर बेटावर राहतात, काही इस्रायल-इजिप्तकडे जातात. त्याची मला काळजी वाटते. 1990 च्या दशकापासून त्याच्याच नात्यातला सार्डिनियन वटवट्या बेटावर घरटी करू लागला आहे आणि पश्चिमेला पुष्कळ झुडपांत आता तोच ऐकू येतो. दोघांतला फरक छातीवर बघ. खवले दिसले तर बेटाचा, साधी राखाडी-पांढरी छाती असली तर नवा आलेला.

एप्रिलमध्ये एखाद्या शनिवारी पाफोसच्या दीपगृहाकडे जा. मोझेइक फरशांसाठी जग तिथे जातं, तू फरशांच्या पलीकडच्या गवतात बघ. रात्री पाऊस किंवा समोरून वारा असला, तर सकाळी दमलेले पक्षी त्या टोकावर उतरलेले असतात. पिवळे धोबी, चंडोल, व्हीटइअर, भारीट, सगळे जमिनीवर. इतके दमलेले असतात की पायापाशी येतात. फोटोसाठी त्यांना उठवू नकोस. त्यांची पुढची मजल तेवढ्या खाण्यावर ठरते.

ऑगस्टअखेर मात्र अक्रोतिरी सोडू नकोस. करकरे जातात, कांड्या करकोचे. राजस्थानात खीचनला आपल्याकडे येतात तीच जात, पण वाट वेगळी. हे काळ्या समुद्राकडून येतात आणि समुद्र ओलांडून सुदानकडे जातात. आधी आवाज येतो, मग उंचावर रांग दिसते. सप्टेंबरात मोहोळघारी येतात. त्यांना उडायला तापलेल्या हवेचा आधार लागतो आणि समुद्रावर तो मिळत नाही, म्हणून त्या दक्षिण टोकापर्यंत जमीन धरून येतात आणि तिथून पुढचा निर्णय घेतात. दुपारी तिथे मान वर करून बसायचं. एलिओनोरा ससाणा याच दिवसांत पिल्लं वाढवतो. एपिस्कोपी-अक्रोतिरीच्या कड्यांत त्याची घरटी आहेत. बाकी पक्षी वसंतात घरटी करतात, हा उन्हाळा सरताना करतो. कारण तेव्हाच थकलेले छोटे पक्षी समुद्रावरून जात असतात आणि पिल्लांना तेच भरवायचे असतात. मग मादागास्करला जातो. सार्डिनियाच्या एलिओनोरा नावाच्या राज्यकर्तीने चौदाव्या शतकात ससाण्यांच्या घरट्यांना कायद्याने संरक्षण दिलं, तिचं नाव याला आहे.

त्याच कड्यांवर ग्रिफन गिधाड दिसलं तर भाग्य समज. कोल्ह्या-कुत्र्यांसाठी टाकलेल्या विषारी मांसाने बेटावरची गिधाडं दहाच्या आसपास उरली होती. आता स्पेनहून आणून सोडतात. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधाने मारली, तिथे विषाने.

आणि आता जे मला खरं सांगायचं आहे ते. ऑफिसमधलं कुणी तुला खेड्यातल्या खाणावळीत नेईल आणि हलक्या आवाजात "अम्बेलोपूलिया" मागवेल. ते छोटे पक्षी असतात, बहुतेक काळटोप वटवटे, अख्खे शिजवलेले. 1974 पासून हे बेकायदा आहे, तरी चालतं, कारण पैसा फार मिळतो. फळांच्या चिकापासून केलेला डिंक काठीला लावतात आणि ती काठी झाडात अडकवतात. पक्षी बसला की पाय चिकटतात, सुटायला पंख मारले की पंखही चिकटतात. काठी कुणाला ओळखत नाही, त्यात रॉबिन येतो, घुबड येतं, कुणीही येतं. दुसऱ्या पद्धतीत रात्री लाउडस्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावून जाळ्यात ओढतात. पूर्वेला केप पायलाच्या बाजूला तर त्यासाठी बाभळींना पाणी घालून झाडी हिरवी ठेवत होते.

तुला मांसाहार चालतो, मलाही चालतो, हा शाकाहाराचा विषय नाही. पण आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेला जीव ताटात घ्यायचा नाही. नम्रपणे नाही म्हण, कारण विचारलं तर सांग. रानात डिंकाची काठी किंवा जाळं दिसलं तर स्वतः हात लावू नकोस, पकडणाऱ्याशी भांडायला जाऊ नकोस. ही माणसं धोकादायक असू शकतात, आणि तू एकटी असतेस. जागा फोनवर टिपून घे, परत फिर आणि बर्डलाइफ सायप्रसला कळव. पुढचं ते बघतात. याच कारणाने तूही कधी मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावू नकोस. मर्लिन अ‍ॅप आवाज ओळखायला वापर, वाजवायला नको.

पुस्तकांचं म्हणशील तर सलीम अलींचं इथेच राहू दे. तिकडे कॉलिन्स बर्ड गाइड घे. मराठी नावांसाठी चितमपल्लींचा पक्षिकोश मी पाठवते.

शेवटी एक काम सांगते. तुझ्याकडचे बहुतेक उन्हाळी पाहुणे आफ्रिकेतून येतात. काळ्या डोक्याचा भारीट मात्र आपल्याकडून येतो. हिवाळाभर तो इथल्या ज्वारीत असतो, सोलापूरच्या रानात थवेच्या थवे. मार्च-एप्रिलमध्ये तो निघतो आणि पश्चिमेकडे जातो, इराण, तुर्कस्तान, बाल्कन आणि तुझं बेट. एप्रिलच्या उत्तरार्धात पाफोसच्या वरच्या द्राक्षमळ्यांत बघ. काळं डोकं, पिवळी छाती, तांबूस पाठ, झुडपाच्या टोकावर बसून गाणारा. पहिला दिसला की तारीख, जागा आणि वेळ ईबर्डवर टाक आणि मलाही कळव. इथून शेवटचा थवा कधी गेला ते मी लिहून ठेवते.