पुढाऱ्याची क्षमायाचना

पुढाऱ्याची नम्रता कशी ओळखावी? जो हात जोडून बोलतो व मागल्या रांगेत बसतो तो नम्र, असे पुष्कळ म्हणतात. आम्हांस तेवढे पुरेसे वाटत नाही. आपण चारचौघांत बोललो ते सिद्ध करिता येत नाही असे कळल्यावर तो काय करितो, हे पाहावे. याविषयी कै. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एक प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे.

सन 1897 मध्ये पुण्यास प्लेगची साथ होती, व सोजीर घरोघर झडती घेत असत. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता विलायतेस गेले होते. वय अवघे 31. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली. त्यांवर भिस्त ठेवून, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' पत्रात प्रसिद्ध केले. परत आल्यावर त्यांनी शोध केला. परंतु पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोजीर या सर्वांची उघडपणे क्षमा मागितली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. पत्रे लिहिणाऱ्या मित्रांची नावे त्यांनी फोडिली नाहीत. 'अमक्याने मला कळविले' असे म्हणून अर्धा भार दुसऱ्याच्या माथी मारणे किती सोपे होते! गर्व बहुधा याच वाटेने निसटतो. तो क्षमा मागतो खरा, पण मागे एक 'परंतु' ठेवितो. आमच्या खेड्यांतही चावडीवर ऐकलेली गोष्ट पंच बैठकीत बोलून जातो, व ती निराधार ठरली म्हणजे रात्री एकट्याच्या घरी जाऊन 'झाले गेले विसरा' म्हणतो. ज्या बैठकीत बोलला, त्याच बैठकीत त्याने शब्द मागे घ्यावयास नको काय?

गोखल्यांच्या क्षमायाचनेत काही उणे नव्हते असे नाही. झडतीचा जाच खरा होता. एक आरोप सिद्ध न झाल्याने तो खोटा ठरत नव्हता. सोजिरांपुढे त्यांनी गरजेहून अधिक मान तुकविली, असे आमचे मत आहे. स्वकीयांनी तर त्यांस भित्रे ठरविले.

तथापि 1899 साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, व 1905 साली बनारसच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी पुण्यास त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्याच्या सभासदास ज्या शपथा घ्याव्या लागत, त्यांत स्वतःकरिता द्रव्य मिळविणार नाही अशी एक होती. आणि कोणाशीही वैयक्तिक तंटा करणार नाही, अशी दुसरी.