उष्माघात आणि देहातील उष्णतेचा जमाखर्च

वैशाखातील ऊन कितीही कडक असले तरी सेलूच्या शिवारात काम थांबत नाही. पऱ्हाट्या उपटून झाल्या की वखरणी, धुऱ्यांची साफसफाई, शेणखत पसरणे ही कामे मृगापूर्वी उरकावीच लागतात. ह्याच दिवसांत एखादा मजूर काम करता करता कोसळतो. भोवतालची माणसे त्याचे अंग चटके बसण्याइतके तापलेले पाहून ताप चढला असे समजतात. कोणी पांघरूण घालतो, कोणी तापाची गोळी देतो, आणि बाकीचे गाडी शोधण्यास धावतात. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अपायकारक आहेत व तिसरी एकटी पुरेशी नाही. हे असे का, ते समजून घेण्यासाठी देहातील उष्णतेचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

प्रथम जमेची बाजू पाहू. अन्न देहात मंदपणे जळते व त्यापासून उष्णता उत्पन्न होते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या देहात तासाला सुमारे 75 किलोकॅलरी उष्णता तयार होते. कुदळ-फावड्याच्या कामात ती चौपट-पाचपट होते. स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्साच कामी येतो. बाकीची सर्व उष्णता होऊन अंगात राहते. उन्हाची भर ती वेगळीच.

आता खर्चाची बाजू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. देहाचे आतील तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखणे हे त्याचे काम. उष्णता वाढली की तो कातडीतील रक्तवाहिन्या रुंद करवितो, त्यामुळे आतील उष्ण रक्त पृष्ठभागी येते. आणि घामाच्या ग्रंथींस कामास लावतो. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर अंगातील उष्णता आपोआप बाहेर जाते. परंतु आमच्या भागात पारा 42-45 अंशांवर गेला म्हणजे हवाच कातडीहून अधिक तापलेली असते. तेव्हा तो मार्ग उलटा वाहू लागतो आणि खर्चाचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मडक्यातील पाणी ज्या न्यायाने थंड होते तोच हा न्याय. मात्र जो घाम टपकून पडला तो फुकट गेला असे समजावे.

ह्या मार्गाची ताकद केवढी, हे इंग्लंडात चार्ल्स ब्लॅग्डन ह्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पाहिले. 1775 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ते सुमारे 127 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या कोरड्या हवेच्या खोलीत काही मिनिटे सुखरूप राहिले; तेथेच ठेवलेली अंडी मात्र भाजून निघाली. अंड्यास घाम येत नाही, मनुष्यास येतो, हाच मुख्य फरक.

पण घाम वाळण्यास हवा कोरडी हवी. आपल्याकडील घरोघरचे कूलर वैशाखात गारवा देतात आणि मृग लागताच निरुपयोगी होतात, ह्याचे कारण हेच. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभास भर उन्हात बसलेल्या जनसमुदायापैकी 14 जण उष्माघाताच्या प्रसंगात दगावले. त्या दिवशी तेथील पारा विदर्भाच्या मानाने कमीच होता. परंतु किनाऱ्याची हवा दमट. "आम्हास 45 अंशांची सवय आहे" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. केळीच्या बागेत नुकतेच पाणी सोडलेले असेल तर सावली असूनही तेथे घाम वाळत नाही. वळवाची सर पडून गेल्यावरच्या उकाड्यातही तोच धोका असतो.

आता ताप व उष्माघात ह्यांतील भेद पाहू. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच आपली मर्यादा वर नेतो. तापाची गोळी ती मर्यादा खाली आणते, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात मर्यादा 37 चीच असते, पण जमा इतकी वाढते की खर्चाचा मार्ग अपुरा पडतो. तेथे गोळीने काहीच साधत नाही. उलट उष्णतेने आधीच दुखावलेल्या यकृतावर व मूत्रपिंडावर तिचा भार पडतो. आतील तापमान 40 अंशांपलीकडे गेले व मनुष्य असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. कातडी कोरडी असलीच पाहिजे असा नियम नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असते.

महसुलाच्या कारकुनीत पंचनाम्याचे कागद आमच्या हातून पुष्कळ गेले. "चक्कर येऊन पडला" एवढेच त्यांत असे. तो कधी पडला आणि अंगावर पहिले पाणी कधी ओतले गेले, हे कोठेही लिहिलेले नसे. वस्तुतः जीव त्या दोन वेळांतील अंतरावरच अवलंबून असतो. अर्ध्या तासात देह थंड झाला तर बहुतेक रोगी वाचतात. वेळ लांबेल तसतसे मेंदू, यकृत व मूत्रपिंड निकामी होत जातात. म्हणून आधी थंडावा, मग गाडी, हा नियम पाठ करावा.

रोग्यास सावलीत घ्यावे, जादा कपडे काढावेत, विहिरीचे पाणी सर्वांगावर सतत ओतावे आणि दुपट्ट्याने जोराने वारा घालावा. हौद जवळ असेल व धरण्यास माणसे असतील तर डोके वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे. त्याच वेळी एकाने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेतही पाणी व वारा चालू ठेवावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

ह्यापुढील जबाबदारी शेतमालकाची आहे. उन्हाची सवय देहास एक-दोन आठवड्यांत होते, तोवर नव्या मजुरास अर्धेच काम सांगावे. जड काम सकाळी लवकर व दुपार उतरल्यावर घ्यावे. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी द्यावे. मीठ घातलेले ताक, पन्हे, अंबाडीचे सरबत उत्तम. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे मिश्रणही करता येते. खिशातील कांद्याने उष्णतेचा खर्च मुळीच वाढत नाही. आडोसा नसल्यामुळे बाया पाणी पिण्याचे टाळतात. तेव्हा आडोसा करून देणे हाही उपायच आहे. गुत्त्याने काम दिले म्हणजे मजूर मजुरीच्या आशेने विसावा घेत नाही. अशा वेळी विसाव्याची वेळ मालकानेच ठरवून द्यावी. म्हातारी माणसे, आदल्या दिवशी तापाने किंवा हगवणीने आजारी असलेले, दारू घेतलेले आणि हृदयाची वा मनोविकाराची औषधे घेणारे ह्यांस दुपारी शेतात पाठवू नये.

म्हशीस घामाच्या ग्रंथी फार थोड्या, म्हणून ती डबक्यात बसते, हे आपण जाणतो व तिला अडवीत नाही. आमच्या गौळाऊ बैलास घाम येतो, तरी भर दुपारी आपण त्याचे जू सोडतोच. बैलास जी सवलत आपण न मागता देतो, ती त्याच्यामागे चालणाऱ्या मनुष्यासही द्यावी. ह्या उन्हाळ्यात प्रत्येकाने आपल्या शेतात पाण्याने भरलेला एक पिंप सावलीत निराळा राखून ठेवावा, आणि तो कशासाठी आहे हे कामावरील सर्वांस पहिल्याच दिवशी सांगावे.