गंजाने केलेले, हाताने केलेले

बराच काळ उभ्या राहिलेल्या मोटरसायकलीत दोन प्रकारची हानी संभवते, आणि त्या दोहोंतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या पुनरुज्जीवनाला, म्हणजे मूळ घडण शक्य तितकी राखून गाडी पुन्हा चालती करण्याच्या कामाला, हात घालणे धोक्याचे ठरते. पहिली हानी दुर्लक्षाची असते: ओल, गंज, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, दगडासारखे झालेले रबर. ती सावकाश होते, बहुधा उघड दिसते आणि बहुधा भरूनही निघते. दुसरी हानी दुरुस्तीची असून ती क्षणात घडते, आत दडून राहते आणि पुष्कळदा कायमची ठरते. प्रस्तुत लेखकाने 1972 सालची, कोकणातल्या एका पडवीत बावीस पावसाळे काढलेली बुलेट घरीच उलगडून जुळवली. त्या कामाच्या वहीतल्या मोठ्या खर्चाच्या नोंदी पुढे तपासल्या असता निम्म्याहून अधिक नोंदी गंजाच्या नव्हे, तर लेखकाच्याच हातच्या निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या होत्या.

इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून 1955 मध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली, आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून निघणारी 350 ची बुलेट मूळ ब्रिटिश आराखडा फारसा न बदलता कित्येक दशके बनत राहिली. तिच्या सिलिंडरचा व्यास 70 मिमी आणि पिस्टनची धाव 90 मिमी असते. व्यासापेक्षा धाव लांब असलेले इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते, त्यामुळे मागे माणूस आणि सामान घेऊन घाट चढण्याच्या लांब प्रवासाला ही गाडी मानवली. आजच्या गाड्यांप्रमाणे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात नसल्याने इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडची चेन यांना तीन ठिकाणी वेगवेगळे वंगण घालावे लागते. रचना उघडीवाघडी आणि समजायला सोपी आहे, आणि घरी काम करणाऱ्याला मोहात पाडते ती हीच बाब.

पहिली चूक जाम झालेल्या इंजिनाची. ओल सिलिंडरात शिरली की पिस्टनच्या रिंगा, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवणारी लवचीक बिडाची कडी, सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा वेळी किकवर उभे राहण्याचा मोह अनावर होतो, आणि लेखकाला तो आवरला नाही. किकचा जोर गिअरबॉक्स आणि क्लच यांतून इंजिनापर्यंत पोचत असल्यामुळे इंजिन हलले नाही तर तो जोर वाटेतच काहीतरी मोडतो. येथे प्रथम किकचा खटका मोडला, म्हणजे धडधाकट असलेली गिअरबॉक्स उघडावी लागली, आणि नंतर मागचे चाक हिसक्याने फिरवल्यावर इंजिन सुटले खरे, पण दोन रिंगा तुटून त्यांनी सिलिंडरला उभे ओरखडे पाडले. परिणामी सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून किंचित मोठा करून, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागला. सिलिंडरची भिंत अशी मोजक्याच वेळा कातता येते, म्हणून नाहक केलेली प्रत्येक कात ही पुढच्या मालकाच्या वाट्यातून उचललेली असते. योग्य रीत कंटाळवाणी आहे: प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे, दर दोन दिवसांनी थोडी भर घालावी, आणि आठ-पंधरा दिवसांनी गाडी स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचे चाक दोन्ही हातांनी हलकेच पुढे-मागे डोलवावे. ते तसूभर हलले तरी त्या दिवशी तेवढ्यावरच थांबावे.

दुसरी गोष्ट आट्यांची. या काळातल्या बुलेटवर अनेक नट-बोल्ट जुन्या ब्रिटिश मापांचे आहेत. त्यांच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी दाखवतो, तर मिलिमीटरच्या पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरील कडांमधले अंतर दाखवतो, म्हणून दोन्ही पाने एकमेकांच्या जागी चालतात हा समज मुळातच चुकीचा आहे. मिलिमीटरचा पाना जवळजवळ बसतो, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. नट गोल झाला की छिन्नी येते, छिन्नीमागून हातोडा येतो आणि अखेरीस अॅल्युमिनियमच्या कवचात रुतलेला लोखंडी स्टड मुळातून तुटतो. तो काढणारा कुशल लेथवाला मिळेपर्यंत लेखकाचे काम दोन महिने अडले होते. ब्रिटिश मापाच्या पान्यांचा संच मिळवणे ही त्यामुळे पहिली खरेदी असावी, आणि ती सुटे भाग घेण्याआधीची असावी. याखेरीज तेलाचे पंप चालवणारा वर्म, म्हणजे क्रँकच्या टोकावरचा मळसूत्री दातांचा तुकडा, उलट्या आट्यांचा असतो. तो घट्ट बसला आहे असे समजून नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात त्याला अधिकच आवळत असतो.

सर्वांत महाग पडली ती स्वच्छता. इंजिनाची बाहेरची कवचे काळवंडलेली असतात, आणि वाळूचा मारा करून ती तासाभरात चांदीसारखी करून देणारी दुकाने प्रत्येक शहरात आहेत. मात्र बुलेटच्या कवचातच तेलाचा कप्पा आणि तेल वाहून नेणारे अरुंद मार्ग कोरलेले असतात. वाळूचे कण तेथे अडकतात, रॉकेलने धुतल्यावरही निघत नाहीत, आणि इंजिन तापून तेल वाहू लागले की सुटून थेट बेअरिंगांकडे जातात. लेखकाचे इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यावर तीनशे किलोमीटरांच्या आत खालून ठोके देऊ लागले, आणि पुन्हा उघडले तेव्हा तेलाच्या गाळणीत कण सापडले. ब्रश, रॉकेल आणि कपडे धुण्याची पावडर एवढ्यावर भागले असते. कवच थोडे मळकट राहिले असते इतकेच.

चॅसिसबाबतही हाच प्रकार संभवतो, मात्र तेथे हानी कायद्याच्या अंगाने होते. चॅसिसवर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक ही गाडीची कायदेशीर ओळख असते. लांबी, म्हणजे रंगाऱ्याची खाचा बुजवण्याची लुकण, त्यांच्यावर चढली किंवा वाळूच्या माऱ्याने अंक झिजले, तर आरटीओच्या तपासणीत गाडी संशयास्पद ठरते. क्रमांकांची छायाचित्रे आणि पेन्सिल घासून घेतलेला कागदी ठसा काम सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावा, आणि रंगकामाच्या वेळी तेवढा भाग पट्टीने झाकावा. 2021 मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले असून पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेले आणि मूळ रूपात मोठा बदल न झालेले वाहनच त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. अशी नोंदणी झालेले वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल किंवा इंधन अशा कारणांपुरतेच काढता येते. ज्याला गाडी घेऊन प्रवास करायचा आहे त्याने म्हणून साध्या नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासोबतचा पर्यावरण कर हाच मार्ग धरावा, आणि कागद हाती आल्याशिवाय पहिला पानाही उचलू नये.

जुना भाग टाकून देण्याची घाईही आवरावी लागते. पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात बुलेटचे भाग आजही मिळतात, हे खरे. परंतु नवा चकचकीत भाग मूळ भागाच्या मापाचा असेलच असे नाही, आणि हे कळते तेव्हा मूळ भाग भंगारवाल्याच्या गाडीवर गेलेला असतो. गाडी हजार किलोमीटर चालेपर्यंत काढलेली प्रत्येक वस्तू, मोडकी असली तरी, नाव घातलेल्या पिशवीत जपावी. नमुना म्हणून तिचा उपयोग होतो. टाकीचा विचार वेगळा करावा लागतो. तिच्यावरच्या सोनेरी रेघा कारखान्यात कारागिरांनी कुंचल्याने मारलेल्या असतात, आणि त्या एकदा घासून गेल्या की छापील चिकटपट्टीने परत येत नाहीत. आतला गंज काढण्यासाठी व्हिनेगर भरून ठेवणे, नंतर सोडा घालून धुणे आणि लगेच वाळवून तेलाचा हात देणे पुरते. बाहेरचा रंग उडालेला असला तरी चालतो. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगते, तेव्हा पेट्रोलची नळी मात्र नवीच घालावी.

विजेची जुळणी नव्या वायरींनी करावी. येथे जुन्याचा मोह नको. टायरवरच्या चार अंकांवरून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते कळते, तेव्हा नक्षी शाबूत दिसली तरी म्हातारा टायर काढावा. जुन्या ब्रेक शूंच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती फुंकून किंवा हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

पहिल्या किकपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. गाडी बराच काळ उभी राहिली की कप्प्यातले तेल झिरपत क्रँकच्या पोकळीत उतरते, आणि त्याच स्थितीत इंजिन चालू झाले तर सायलेन्सरमधून निघणारा दाट धूर पाहून रिंगा गेल्या असा निष्कर्ष काढला जातो. लेखकाने तो काढला आणि नुकतेच बसवलेले हेड पुन्हा उतरवले. खालचा नट उघडून ते तेल काढले असते तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. रस्त्यावर निघताना पायांची सवयही मोडावी लागते, कारण या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली असून पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली पडतात, ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्या चालवणाऱ्याचा उजवा पाय संकटाच्या क्षणी ब्रेक समजून गिअरच दाबतो, म्हणून पहिले काही दिवस तरी मोकळ्या मैदानातच फेऱ्या माराव्यात.