ढबूच्या प्लॉटनं शिकवलेलं

घर विश्रामबागला, शेत मिरज तालुक्यात. तिथल्या दहा गुंठे शेडनेटमध्ये काही हंगाम ढबू मिरची केली. पुस्तकात ती ढोबळी, आमच्याकडं ढबूच. तिच्याकडून शिकलो ते सांगतो.

१. उंचीला भुलू नका. पहिल्या वर्षी युरियाला हात सैल सोडला. झाडं छातीला लागली, येणारे-जाणारे वाहवा करायचे. पण तोड्याला क्रेट भरेना. झाड माजलं होतं. ढबूचं फूल पेरावर येतं. दोन पेरांतलं अंतर लांबलं, तर वाढलेली उंची फुकटची. म्हणून आता टेप लावत नाही, पेरं मोजतो.

२. पहिली कळी खुडा. आठ-दहा पानांनंतर खोड दुभागतं आणि त्या बेचक्यातच पहिली कळी येते. पहिलं फळ देवाला म्हणून मी ती राखली. फळ पोसलं, झाड मात्र खुंटलं. आता ती नखानं काढतो.

३. फांद्या मोजून ठेवा. दोन किंवा चार फांद्या दोरीवर चढवायच्या, बाकीचे फुटवे कोवळे असतानाच काढायचे. पण पानं ओरबाडू नका. उघड्या पडलेल्या फळावर उन्हाचा पांढरा चट्टा येतो आणि व्यापारी ते फळ बाजूला टाकतो.

४. नग आणि वजन दोन्ही बघा. एका झाडाला दीडशे ग्रॅमची २० फळं म्हणजे ३ किलो. नव्वद ग्रॅमची ३० फळं म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम. नग वाढले की फळ बारीक होतं. वेडंवाकडं फळ लहानपणीच काढलं, तर बाकीची पोसतात.

५. फूल म्हणजे फळ नव्हे. पारा पस्तिशीपुढं गेला की फुलं गळतात, आणि आपल्याकडं मार्चपासूनच तो चढायला लागतो. जास्तीत जास्त सेटिंग त्याआधी व्हावं, अशा बेतानं लागण धरा.

६. वही ठेवा. दहा झाडांना रंगीत दोरी बांधा, दर तोड्याला त्यांचे नग आणि वजन लिहा. हंगाम संपल्यावर कुठलं झाड का चाललं, ते वहीच सांगते.

कुणी हौसेनं प्लॉट दाखवायला नेलं, तर हिरवेपणा बघून मान डोलवू नका. आधी तोड्याची वही मागा.